चार खाचांचं डिझाइन दोन खाचांवर कसं आलं: एका जुन्या फोटोच्या डबल माउंटचं प्रकरण

ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, मापं मात्र खरी आहेत, कारण ह्या कामात सगळं मापांवरच अडलं आणि मापांवरच सुटलं. कामात दोन माणसं होती, माउंट (फ्रेममध्ये फोटोवर बसणारी, मधे खिडकी कापलेली बोर्डाची चौकट) कापणारे फ्रेमर आणि मापं, मास्क म्हणजे खिडकीचे कागदी नमुने, ग्राहकाशी बोलणं बघणारा मी.

पार्श्वभूमी

एक बहीण-भाऊ त्यांच्या आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन आले. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभ्या, मागे रंगवलेला पडदा. फोटोचा कागद साधारण १५० बाय २०५ मिलिमीटर आणि तो चिकटवलेला होता २५४ बाय ३०५ च्या जाड पुठ्ठ्यावर, पुठ्ठ्याची जाडी जवळपास २ मिलिमीटर. वरच्या डाव्या कोपऱ्यात फोटोचा थर उडालेला, कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १४ मिलिमीटरचा त्रिकोण गेलेला, आणि तिथूनच एक बारीक तडा वरच्या कडेने पुढे १९ मिलिमीटरपर्यंत. गडद भागात कडेकडेने चांदीसारखी चकाकी आलेली, ती अशा फोटोंमध्ये वयाने येते, आम्ही तिला हात लावला नाही. पुठ्ठा थोडा वाकलेला होता, फोटोच्या बाजूने आत खोलगट, म्हणजे कडा पुढे आणि मध्य मागे.

भावाला डिझाइन आधीच पसंत होतं. डबल माउंट म्हणजे एकावर एक दोन, बाहेरचा गडद तपकिरी, आतला फिका, खिडकीच्या चारही कोपऱ्यांना चौकोनी खाच, म्हणजे कोपऱ्यात बोर्डाचा चौकोन खिडकीत घुसलेला, आणि वर खिडकीभोवती एक व्ही ग्रूव्ह, म्हणजे बोर्डात व्ही आकाराची बारीक रेघ. ताईंचं म्हणणं वेगळं, त्यांच्या डोक्यात ओव्हल होतं, त्यांच्या आठवणीत घरातले सगळे जुने फोटो ओव्हल माउंटमध्येच. तिथल्या तिथे दोघांची थोडी खडाजंगी झाली आणि शेवटी ताई म्हणाल्या, "ठीक आहे, तू म्हणतोस तसं कर, पण आजीचा चेहरा कशात झाकला जायला नको." ऑर्डर लिहिली गेली चार खाचांची.

त्याच दिवशी एक गोष्ट ठरवली ती पुढे फार उपयोगी पडली. फोटो कामाला घेण्याआधी चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करून ठेवला. पुठ्ठा जुना आणि ठिसूळ, हाताळताना काय होईल सांगता येत नाही, त्यामुळे मूळ वस्तू टेबलावर येण्याआधी तिची नोंद हातात असलेली बरी.

अडचण

पहिल्या हिशोबाने खिडकी १४४ बाय १९९ ची धरली होती, म्हणजे चारही बाजूंनी फोटोवर ३-३ मिलिमीटर माउंट चढणार, जे नेहमीचंच आहे. खाच २० मिलिमीटरची.

मापं घेताना टेबललॅम्प बाजूला आडवा ठेवला होता आणि त्या तिरक्या उजेडात फोटोच्या खाली पुठ्ठ्यावर उजवीकडे एक उठावाचा शिक्का दिसला. शाई नाही, नुसता दाबून उठवलेला, समोरून उजेड पडला की अजिबात दिसत नाही. स्टुडिओचं नाव आणि गाव. फोटोच्या खालच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर सुरू होणारा, ८ मिलिमीटर उंच, ४० मिलिमीटर लांब आणि फोटोच्या उजव्या कडेच्या काही मिलिमीटर आत संपणारा. ऑर्डर घेताना तो कोणालाच दिसला नव्हता, घरच्यांनाही तो माहीत नव्हता.

फोन केला. ताई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत आणि मग म्हणाल्या की हा फोटो कुठे काढला ह्यावरून घरात कायम वाद व्हायचा, कोणाकडेच पुरावा नव्हता. आता अर्थातच शिक्का दिसायला हवा होता.

हे मान्य केल्यावर जुनं डिझाइन दोन ठिकाणी मोडलं. खिडकी खाली वाढवायची तर फोटोखालचा ३० मिलिमीटर पुठ्ठा उघडा पडणार. आणि चार खाचा ठेवल्या तर उजवीकडची खालची खाच बरोबर शिक्क्यावर बसणार, निम्मा शिक्का झाकला जाणार. वरून अजून एक निघालं, फोटो पुठ्ठ्यावर सरळ चिकटवलेलाच नव्हता, डावीकडचा समास वर ५० मिलिमीटर आणि खाली ५३. फक्त फोटो दिसत होता तोपर्यंत हा तिरकेपणा माउंटखाली गेला असता, आता पुठ्ठा दिसणार म्हटल्यावर तो हिशोबात घ्यावा लागला.

कोणते पर्याय तोलले

ओव्हलचा पर्याय आम्ही परत मनापासून बघितला, ताईंनी हार मानली होती म्हणून तो बाजूला टाकणं बरोबर नव्हतं. ओव्हल तुटलेला कोपरा आपोआप झाकतो, हा त्याचा मोठा गुण. पण ह्या फोटोत आजोबांचे पाय खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ आणि आजीचा पदर उजव्या कडेला, दोन्ही ओव्हलमुळे झाकले जात होते आणि शिक्का दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता.

अष्टकोनी खिडकीवर जास्त वेळ गेला. कोपरा तिरका छाटला की त्रिकोणी नुकसान त्याच आकारात झाकलं जातं, नुसत्या त्रिकोणासाठी तर ८ मिलिमीटरची छाट पुरली असती. पण तो तडा कडेकडेने १९ मिलिमीटरपर्यंत गेला होता ना, तो झाकायला छाट दुपटीहून मोठी करावी लागत होती आणि मग पडद्यावरच्या कमानीचं टोक कापलं जात होतं. चौकोनी खाच इथे सरस ठरते कारण ती कडेच्या बाजूने लांबवर झाकते आणि आतल्या बाजूला सारखी पसरत नाही. २० ची खाच अधिक ३ मिलिमीटरचा चढ, म्हणजे फोटोच्या कोपऱ्यापासून २३ मिलिमीटर झाकलं, तडा त्यात आरामात बसला.

तिसरा मार्ग म्हणजे खाच वरच्या दोन कोपऱ्यांनाच द्यायची आणि खालचे दोन कोपरे साधे काटकोनी ठेवायचे. भावाची पहिली प्रतिक्रिया होती की हे अर्धवट वाटेल. ती भीती खोटी नव्हती, कागदावर नुसतं सांगितलं तर कोणालाही तसंच वाटेल.

मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटराइज्ड कटरवर बाहेरून कापून आणायचा विचारही झाला. असे कोपरे मशीन एकसारखे कापतं, ओव्हरकटची, म्हणजे कोपऱ्याच्या पुढे गेलेल्या कापाची, भरपाई सॉफ्टवेअरच करतं, चार काय बारा खाचा असत्या तरी फरक पडला नसता. मोठ्या संख्येचं किंवा वेलबुट्टीचं काम असतं तर मी डोळे झाकून तिकडेच पाठवलं असतं. पण इथे खिडकी एकच, रेषा सगळ्या सरळ, आणि मूळ फोटो शेजारी ठेवून मिलिमीटर-अर्धा मिलिमीटर सरकवत बघायचं होतं, म्हणून फ्रेमरनी हाताच्या सरळ कटरवरच करायचं ठरवलं.

व्ही ग्रूव्हवर फार चर्चा झाली नाही. तो करायला बोर्ड पूर्ण कापून, तुकड्याची कड उलट्या तिरक्या काटाने छाटून परत मागून टेपने जोडावा लागतो, आणि खाचांच्या इतक्या जवळ अजून एक रेषा म्हणजे डोळा फोटोवर थांबणारच नाही. भाऊ लगेच तयार झाले.

निर्णय कसा झाला

बोलून काही ठरत नव्हतं म्हणून आम्ही जाड कागदाचे मास्क कापले, खऱ्या मापाचे, एक ओव्हल, एक अष्टकोनी, एक चार खाचांचा, एक दोन खाचांचा. फोटोची स्कॅन केलेली प्रत खऱ्या आकारात छापली, शिक्क्याची जागा त्यावर पेन्सिलने आखली आणि दोघांना बोलावून एकेक मास्क त्यावर ठेवत गेलो, मूळ फोटो बाजूला झाकून ठेवलेला. चार खाचांचा मास्क ठेवल्यावर भाऊ स्वतःच म्हणाले, "खाली नको." दोन खाचांच्या मास्कमध्ये वरचा भाग कमानीसारखा दिसत होता आणि खालचे काटकोन शिक्क्याखाली पायासारखे बसत होते, अर्धवट वगैरे कोणालाच वाटलं नाही.

तिरकेपणाचा निर्णय इतका सोपा नव्हता. खिडकी पुठ्ठ्याला समांतर ठेवायची का फोटोला? पुठ्ठ्याला ठेवली तर शिक्का सरळ दिसणार पण माणसं कललेली, आणि फोटोची खालची कड खिडकीच्या खालच्या कडेशी उघडउघड तिरकी. फोटोला समांतर ठेवली तर माणसं सरळ आणि शिक्का किंचित तिरका. हिशोब केला, २०५ मिलिमीटरला ३ मिलिमीटर म्हणजे एक अंशापेक्षाही कमी, आणि ४० मिलिमीटरच्या शिक्क्यावर तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर. शाई नसलेल्या शिक्क्यात तेवढं कोणाच्याही लक्षात येत नाही. पुठ्ठ्याच्या कडा तर माउंटखालीच जाणार होत्या. त्यामुळे खिडकी फोटोला समांतर.

रंगात एकच बदल केला. आतल्या माउंटसाठी भावाने शुभ्र पांढरा निवडला होता. शुभ्र पांढरा जुन्या फोटोच्या शेजारी आला की फोटोतले पांढरे भाग एकदम पिवळट, मळके दिसायला लागतात, आणि इथे तर पुठ्ठ्याची जुनी पट्टीही दिसणार होती. म्हणून पुठ्ठ्याच्या रंगाजवळ जाणारा उबदार क्रीम घेतला. दोन्ही बोर्ड सुती लगद्याचे, फोटोसाठीच्या आयएसओ १८९१६ चाचणीत पास झालेले, कारण बोर्डात लाकडातलं लिग्निन असेल तर काही वर्षांनी फोटोभोवती तपकिरी पट्टा उमटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्यक्ष काम

आतल्या खिडकीचं माप ठरलं १४४ बाय २३२. वर, डावीकडे, उजवीकडे फोटोवर ३ मिलिमीटर चढ, खाली फोटोच्या पुढे ३० मिलिमीटर पुठ्ठा उघडा. आतल्या माउंटची ५ मिलिमीटर पट्टी दिसायची, म्हणून बाहेरची खिडकी १५४ बाय २४२. समास तीन बाजूंनी ७५ आणि खाली ९०.

इथे एक गोष्ट हमखास चुकते म्हणून सविस्तर लिहितोय. बाहेरची खिडकी मोठी म्हणजे तिची खाचही मोठी करायची असं वाटतं, कोणी उलट ५ मिलिमीटर कमी करतात. दोन्हीत पट्टीची रुंदी खाचेपाशी बदलते आणि ते लगेच डोळ्यात खुपतं. सगळ्या रेषा ५ मिलिमीटर बाहेर सरकवल्या की खाचेच्या दोन्ही रेषाही ५ ने सरकतात आणि कोपराही ५ ने सरकतो, म्हणजे खाचेचं माप तेवढंच राहतं. आत २०, बाहेरही २०. विश्वास बसत नसेल तर ग्राफ पेपरवर काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग कोपरे. दोन खाचांच्या खिडकीला आठ काट आणि आठ कोपरे. त्यातले सहा नेहमीसारखे आत गेलेले आणि दोन बाहेर आलेली टोकं, जिथे बोर्ड खिडकीत घुसतो. दोघांचा स्वभाव अगदी उलटा. आत गेलेल्या कोपऱ्यात ब्लेड रेषेच्या पुढे गेलं तर काप बोर्डातच जातो, आणि थोडं पुढे न्यावं तर लागतंच, मागच्या बाजूने साधारण बोर्डाच्या जाडीइतकं, नाहीतर पुढच्या बाजूला कोपरा सुटत नाही. टोकापाशी मात्र ब्लेड पुढे गेलं तरी ते फेकायच्या मधल्या तुकड्यात जातं, काही बिघडत नाही.

ऐकायला टोक सोपं वाटतं पण टाकाऊ बोर्डावर फ्रेमरनी चाचणीचा कोपरा कापला तेव्हा खरी गोम कळली. खाचेचा एक काट सुरेख सरळ आणि दुसरा सुरुवातीला केसभर आत वळलेला. कारण असं की सरळ कटरवर खिडकीची बाजू आणि बोर्डाची बाजू ठरलेली, त्यामुळे सगळे काट खिडकीभोवती एकाच दिशेने फिरतात. खाचेच्या दोन काटांपैकी एक टोकाकडून सुरू होतो आणि दुसरा आतल्या कोपऱ्यातून. ब्लेड बोर्डात शिरताना थोडं वाकतं आणि काही मिलिमीटर गेल्यावर सरळ होतं. टोकाकडून सुरू होणाऱ्या काटाला हे वाकणं फेकायच्या तुकड्यात उरकून घेता येतं, पाच-सहा मिलिमीटर अलीकडून धाव घ्यायची. दुसऱ्याला ती धाव मिळतच नाही, तो जिथे शिरतो तिथेच दिसतो. दोनशे मिलिमीटरच्या रेषेत हे वळण कोणी बघत नाही, पण वीस मिलिमीटरच्या रेषेत ते चौथा हिस्सा व्यापतं.

उपाय तीन केले आणि तिघांचा मिळून फायदा झाला. ब्लेडची खोली कमी केली, इतकी की बोर्ड कापून खालच्या टाकाऊ बोर्डावर फक्त ओरखडा उठेल, खोल रुतलेलं ब्लेड जास्त वाकतं. ०.३० मिलिमीटरऐवजी ०.३८ चं जाड ब्लेड घेतलं, ते ओढायला जड जातं पण कमी वाकतं. आणि त्या काटाची सुरुवात घाई न करता, आधी ब्लेड पूर्ण खाली जाऊ द्यायचं आणि मग कटर हलवायचा. सगळे छोटे काट आधी कापले, मधला तुकडा अजून चारही बाजूंनी धरलेला असताना, लांब काट शेवटी.

बाहेरचा माउंट कापून झाल्यावर मधला तुकडा परत जागेवर बसवला, मागून आतला बोर्ड डबल टेपने लावला, आतला बोर्ड बाहेरच्यापेक्षा सगळीकडून थोडा लहान ठेवलेला म्हणजे कटरच्या आडकाठीला बाहेरच्या बोर्डाचीच कड लागते. मधल्या तुकड्यालाही टेप, नाहीतर दुसऱ्या कापणीत खाली आधार राहत नाही. मग समास ५ मिलिमीटर वाढवून दुसरी खिडकी. अशा पद्धतीने कापलं की दोन खिडक्या आपोआप समांतर येतात, वेगवेगळ्या कापून जुळवत बसायला लागत नाही.

तुकडा काढताना डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक धागाभर जोड राहिला होता. तिथे तुकडा ओढला असता तर तपकिरी कागद सोलून आला असता. फ्रेमरनी मागून त्याच कोनात सुटं ब्लेड सरकवून तो सोडवला, मग बोन फोल्डरने, म्हणजे कागद दाबायच्या गुळगुळीत पट्टीने, कोपऱ्यावर हलका हात फिरवला, झालं. टोकांना मात्र बोटही लावलं नाही, पांढऱ्या बेव्हलचं (तिरक्या कापलेल्या कडेचं) ते अणकुचीदार टोक अंगठ्याने सहज चेपतं आणि चेपलं की परत उठत नाही.

फोटो बसवायचा प्रकार वेगळा होता. पुठ्ठा २ मिलिमीटर जाड आणि वर साधारण दोन मिलिमीटरचा बाक. तो सरळ करायला दाब दिला असता तर फोटोसकट तडकला असता, म्हणून बाक तसाच ठेवून त्याच्याभोवती त्याच बोर्डाच्या पट्ट्या तीन थरांत लावून खोलगट चौकट केली, १.४ ला तीनदा म्हणजे सव्वाचारच्या आसपास खोली. पुठ्ठ्याला कुठेही गोंद नाही, कागदी कोपऱ्यांत अडकवलेला, उद्या कोणाला काढायचा असेल तर नुसता उचलायचा. काच यूव्ही अडवणारी, आणि माउंटमुळे फोटोपासून लांब, कारण दमट हवेत फोटोचा थर काचेला चिकटला तर तो सुटत नाही.

निकाल

दोघं फ्रेम घ्यायला आले तेव्हा ताईंनी आधी शिक्का शोधला. समोरच्या उजेडात तो पुसटच होता, फ्रेम बाजूच्या उजेडाकडे वळवल्यावर अक्षरं उठली. लावायची जागा त्यावरूनच ठरली, बाजूने दिवा येईल अशी भिंत, थेट ऊन नाही.

वरचा तुटका कोपरा पूर्ण झाकला गेला आणि मुद्दाम झाकलाय असं वाटत नाही कारण उजवीकडेही तशीच खाच आहे. बाहेरच्या माउंटवर एका कोपऱ्यात ओव्हरकट अगदी बारीक दिसतो, गडद तपकिरीवर पांढरी रेघ म्हणून, हातभर अंतरावरून कळत नाही. ते भावाला दाखवून मगच फ्रेम बंद केली.

ताईंसाठी स्कॅनवरून फक्त आजी-आजोबांच्या कमरेपर्यंतच्या भागाची प्रत छापली आणि ती ओव्हल माउंटमध्ये बसवून दिली. तिथे ना शिक्का सांभाळायचा होता ना तडा, ओव्हल छान बसला. ही कल्पना भावाची.

काय वेगळं करता आलं असतं

शिक्का पहिल्याच भेटीत दिसायला हवा होता. आता पुठ्ठ्यावरचा जुना फोटो आला की ग्राहक समोर असतानाच तिरक्या उजेडात पुढून-मागून बघायचा आणि फॉर्मवर तसं लिहायचं असं ठरवलंय, खिडकीचा आकार त्यानंतर. तोपर्यंत कॅटलॉगही काढायचा नाही, कारण एकदा चार खाचा डोक्यात बसल्या की पुढचं सगळं बोलणं "खाच कशी वाचवायची" ह्यावरच फिरत राहतं आणि त्यात इथे बराच वेळ गेला.

बाहेरचा बोर्ड गडद घेण्यावर आम्ही जास्त बोलायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. गडद कागद आणि पांढरा गाभा ह्यात प्रत्येक कोपरा उघडा पडतो. मध्यम छटेचा करडा-तपकिरी घेतला असता तर फोटोला तेवढाच शोभला असता आणि ती ओव्हरकटची रेघ दिसलीच नसती. फ्रेमरचं मत वेगळं आहे, त्यांच्या मते गडद रंगानेच शिक्क्याची फिकी पट्टी पुढे आली. दोन्ही रंगांचे तुकडे शेजारी ठेवून आम्ही अजून ठाम ठरवू शकलेलो नाही.

कामाचा क्रमही बदलता आला असता. खोलगट चौकट आधी करून पुठ्ठा त्यात बसवला असता आणि मग खिडकीचं अंतिम माप घेतलं असतं तर बरं. बाक असलेला पुठ्ठा सपाट टेबलावर मोजला आणि चौकटीत बसल्यावर मोजला तर कडेला थोडा फरक पडू शकतो. इथे ३ मिलिमीटरच्या चढात तो जिरून गेला, पण शिक्का कडेच्या अजून जवळ असता तर नसता जिरला.

आणि मास्क. ते दुसऱ्या भेटीत आले, ते पहिल्याच भेटीत कापता येतात, कागद आणि कात्री एवढंच लागतं. दोघांचं एकमत नसतं तेव्हा तर आधी तेच करावं, ताईंना त्या दिवशी मन मारून "तू म्हणतोस तसं कर" म्हणावं लागलं नसतं.